पीएच मीटर टाकीत पडला, आता काय?

उपकरणं आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गच्चीवर पाइपांचं छोटं हायड्रोपोनिक्स (मातीविना, खताच्या पाण्यावरची शेती) आहे. लेट्यूस, बेसिल, थोडा पालक. खाली शंभर लिटरची टाकी. गेल्या आठवड्यात पीएच मोजताना पिवळा पेन मीटर हातातून निसटून टाकीत अख्खा बुडाला. लगेच काढला, पुसला आणि मुलाच्या सांगण्यावरून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. आता तो चालू होतो, पण आकड्यांच्या काही रेघा उमटत नाहीत आणि कशातही बुडवला तरी ६.८-६.९ च्या आसपासच दाखवतो. पीएच ५.८ वर आणायचा म्हणून रोज थोडं फॉस्फोरिक ॲसिड घालते आहे, पण आकडा हलत नाही. शेजारचे म्हणतात हेअर ड्रायर मारा. मारू का? की सरळ नवा घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मीटरचं नंतर बघू, आधी ॲसिडची बाटली कपाटात ठेवा.

पीएच मोजणारी काचेची कांडी ७ पीएचला शून्य व्होल्ट देते. पाणी जितकं आंबट, म्हणजे पीएच सातच्या जितका खाली, तितका व्होल्टेज एका बाजूला सरकतो. अल्कधर्मी असेल तर दुसऱ्या बाजूला. आता कांडीचा व्होल्टेज वाटेतच मुरला आणि मीटरपर्यंत पोचलाच नाही, तर मीटरलाही शून्यच दिसतं आणि तो सातच्या आसपासचा आकडा धरून बसतो. लिंबाच्या रसात बुडवलात तरी तेच दाखवेल. त्यामुळे तुमच्या टाकीचा पीएच या दिवसांत कुठे जाऊन बसलाय हे त्या आकड्यावरून कळणार नाही, आणि तुम्ही रोज ॲसिड घालताय. पीएच साडेचारच्या खाली गेला की मुळांची टोकं तपकिरी पडायला लागतात, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात असूनही झाडाला नीट मिळत नाही. आज संध्याकाळी एक रोप उचलून मुळं बघाच.

टाकी तपासायला मत्स्यालयाच्या दुकानातलं थेंबांचं किट आणू नका. त्यातलं रसायन बहुधा ६ ते ७.६ एवढ्याच टप्प्यात रंग बदलतं. पिवळं झालं की ‘सहा किंवा त्याखाली’ एवढंच कळणार, आणि तुम्हाला तर नेमकं त्याखालचंच बघायचंय. १ ते १४ वाली पीएचची कागदी पट्टीही ढोबळ. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात कमी टप्प्याची पट्टी मिळते, ३.५ ते ६ अशी, ती मागा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला ही दुकानं एकाला लागून एक आहेत. पीएच पाचच्या खाली निघाला तर अर्धी टाकी काढून टाका, साधं पाणी भरा आणि त्या हिशोबाने ए आणि बी या दोन बाटल्यांतलं खत घाला. ॲसिड जास्त झालं म्हणून अंदाजाने पीएच वाढवणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओतणं म्हणजे तीच चूक उलट्या दिशेने. मीटर नसताना लेट्यूस चार दिवस आरामात निघतं. ५.५ ते ६.५ च्या मधे कुठेही असलं तरी ते कुरकुर करत नाही.

आता मीटर. मोबाइल, रिमोट, घड्याळ पाण्यात पडलं आणि वाळलं की बऱ्याचदा चालतं. पीएच मीटर मात्र वाळल्यावर चालू होतो आणि तरीही खोटं बोलतो. याचं कारण त्या काचेत आहे. कांडीच्या टोकाचा तो पातळ बल्ब काचेचा आहे, आणि वीज त्या काचेतूनच यायची. बल्बचा विरोध सहज दहा कोटी ओहमच्या घरात असतो. मिळणारा व्होल्टेजही किती, तर २५ अंश तापमानाला एका पीएचमागे साधारण ५९ मिलिव्होल्ट. पूर्वीच्या साध्या गॅल्व्हॅनोमीटरला हे मोजणं झेपायचं नाही. १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांच्याकडे लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचं काम आलं, तेव्हा त्यांनी काचेच्या कांडीला व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला. आजचा पीएच मीटर तिथून आला. म्हणजे तुमच्या हातातल्या पेनचा सगळा कारभार एका कमालीच्या नाजूक सिग्नलवर चालतो. नळाची धार करंगळीएवढीच असेल तर बादलीचं टाचणीएवढं भोकही पुरतं. सर्किटच्या पट्टीवर ओलाव्याचा एक अदृश्य थर बसला, त्याचा विरोध काचेइतकाच दहा कोटी ओहम असला, की अर्धा व्होल्टेज तिथेच गळला.

आणि तुमच्या पट्टीवर नुसता ओलावा नाही, टाकीतलं खत आहे. ए बाटलीत कॅल्शियम नायट्रेट असतं. पावसाळ्यात त्याची पिशवी उघडी राहिली तर सकाळपर्यंत आत पाणी सुटलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच मीठ आता पट्टीवर सुकून बसलंय आणि डोंबिवलीच्या जुलैच्या हवेतून रोज पाणी ओढून घेतंय. तांदळाने ते जाणार नाही. तांदूळ मीठ शोषत नाही, पाणीही फार सावकाश शोषतो, वर आपलं पीठ आत सोडतो ते वेगळंच. (तो तांदूळ शिजवू नका, खताचं पाणी लागलंय त्याला.) हेअर ड्रायरचीही तीच गत. गरम हवेने पाणी उडेल, मीठ राहील. शिवाय एलसीडी काळी पडेल आणि बल्ब कोरडा ठणठणीत होईल, तो तोटा निराळा.

तेव्हा वाळवण्याआधी धुवायचं. हे ऐकून लोक दचकतात, पण बॅटरी काढलेल्या सर्किटला स्वच्छ पाण्याने काही होत नाही. बॅटरी लागलेली असताना मात्र खारट पाणी तांब्याच्या रेघा खातं, आणि तुमचा मीटर नेमका तसाच दोन दिवस तांदळात होता. म्हणून वरचं झाकण उघडा आणि पहिल्यांदा सेल काढा. अशा पेनांत बहुधा बटणासारखे चार सेल असतात. ते परत वापरू नका. सेलच्या पत्र्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती सेलमधून गळलेली अल्कली. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याने. हिरवट-निळं दिसलं तर तांबं खाल्लं गेलंय. एखादी रेघ पूर्ण तुटली असेल तर पुढे वेळ घालवू नका.

मग सर्किटची पट्टी हळूच बाहेर सरकवा. बहुतेक पिवळ्या पेनांत ती सरकते, काहींत दोन बारीक स्क्रू असतात. बल्बकडून एक बारीक वायर पट्टीवर येते, तिला ताण देऊ नका आणि ती जिथे जोडली आहे तिथे बोट लावू नका, आपल्या घामातही मीठच असतं. पट्टीवर डिस्टिल्ड वॉटर ओता, भरपूर ओता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच चालतं, फक्त दुकानदाराने ॲसिड घातलेलं पाणी दिलं नाही ना हे लेबलावर बघा. जुन्या पद्धतीच्या पेनांत पाठीमागे कॅलिब्रेशनचे, म्हणजे आकडा जुळवायचे, दोन छोटे स्क्रू असतात. त्यांच्या आत पाणी अडकून राहतं, तिथे जरा जास्त ओता. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. मेडिकलमध्ये मिळतं त्यात तीस टक्के पाणी असतं. मोबाइल दुरुस्तीवाले ९९ टक्क्यांचं वापरतात, ते ‘आयपीए’ म्हणून मागितलं की कळतं. हात धुवायचं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीनही हवेतून पाणी ओढतं. थिनर, पेट्रोल, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही नको. सगळ्यात जास्त घासायची जागा म्हणजे ती बारीक वायर जिथे जोडली आहे तिथपासून ॲम्प्लिफायरच्या चिपपर्यंतची. चकचकीत दिसायला हवी, चिकट नको.

हे सगळं करताना बल्ब त्याच्या टोपीत ठेवायचा, आणि टोपीत ओला स्पंज. या कामात लोक इथेच फसतात. एकाच पेनच्या वरच्या अर्ध्या भागाला कडकडीत कोरडेपणा लागतो आणि खालच्या भागाला कायमचा ओलावा. काचेवर पाण्याने फुगलेला एक अतिशय पातळ थर असतो, पीएच कळतो तो त्या थराला. तो वाळला, किंवा अल्कोहोलने त्यातलं पाणी काढून घेतलं, की कांडी सुस्त होते. म्हणून अख्खा मीटर तांदळात घालणं दुहेरी वाईट. पट्टी वाळत नाही आणि बल्ब वाळतो.

स्पंज कशाने ओला करायचा? पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणाने. तयार मिळतं. घरी करायचं तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा. शेतीचं म्युरिएट ऑफ पोटॅश हे रसायन तेच, पण अशुद्ध, लाल तर नकोच. द्रावण हाताशी नसेल तर ४ पीएचचं बफर (मीटर जुळवायचं, ठरलेल्या पीएचचं द्रावण) एक-दोन रात्री चालतं. डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी टोपीत ठेवू नका. ते कांडीच्या आतलं मीठ बाहेर ओढतं, आणि अनेकांचे मीटर न पडता-न आपटता एवढ्यानेच मरतात.

वाळवायला पट्टी उघडी ठेवून पंख्याखाली एक दिवस, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस. बल्बची टोपी घट्ट लागलेली हवी. पंख्याऐवजी वायफायच्या डब्याची ऊब चालते, त्याहून गरम काही नको.

आकड्यांच्या गायब रेघांचं फार मनावर घेऊ नका. डिस्प्लेची काच आणि सर्किट यांच्यामधे बहुधा एक रबराची पट्टी असते, तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटून पालटून असतात. तिच्या कडेला मीठ बसलं की रेघा जातात. ती चिमट्याने न ताणता काढा, दोन्ही कडा आणि ती टेकते ती जागा अल्कोहोलने पुसा, होती तशी सरळ बसवा. जरा तिरकी बसली तर आणखी रेघा जातील, घाबरू नका, परत बसवा. डिस्प्ले पातळ पट्टीने चिकटवलेला असेल तर मात्र त्याला हात लावू नका.

आता परीक्षा. नवे सेल, बफरच्या दोन नव्या पुड्या, ६.८६ आणि ४.०० च्या. या पेनांबरोबर येणारी पुडी बहुतेक २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची असते, पुडीवर वाचा. जुनं कॅलिब्रेशन पुसायची सोय असेल तर पुसा. मग फक्त ६.८६ ला मीटर जुळवा, दुसरं काही जुळवू नका, आणि बल्ब धुऊन ४.०० मध्ये बुडवा. ४.१५ पर्यंत दाखवलं तर उत्तम. ४.४ च्या वर म्हणजे कांडी थकली, रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून परत बघा. ५.४ च्या आसपास आलं तर अर्धा सिग्नल गळतोय, पट्टी पुन्हा धुवा. दोन्ही बफरमध्ये आकडा तोच राहिला तर गळती तरी फार आहे किंवा बल्बला तडा गेलाय. भिंगातून बघा, तडा असेल तर उपाय नाही.

बरेच जण या ठिकाणी दुसऱ्या बफरला मीटर जबरदस्तीने जुळवून मोकळे होतात, आणि मीटरही बिचारा जुळतो. पण गळती हवेबरोबर बदलते. दुपारी उन्हात जुळवलेला मीटर संध्याकाळी पावसात वेगळंच बोलेल. समजा अर्धा सिग्नल गळतोय आणि टाकीत खरा पीएच ५.८ आहे. मीटर ६.४ दाखवणार. तुम्ही तो ५.८ दिसेपर्यंत ॲसिड घालणार आणि टाकी ४.६ ला जाऊन बसणार. हा आकडा सातवर अडकलेल्या मीटरपेक्षा धोक्याचा, कारण तो खरा वाटतो. म्हणून ४.०० ची परीक्षा एकदा कोरड्या दुपारी आणि एकदा पाऊस पडत असताना सकाळी, अशी दोनदा घ्या. दोन्ही वेळा पास झाला तरच टाकीत घाला.

नवा घ्यावा का? तुमचा पेन हजाराच्या आतला असणार. मी तुमच्या जागी असतो तर दुरुस्त केला असता, कारण खर्च अल्कोहोलच्या बाटलीचा. पण दोन परीक्षा पास झाल्या तरी पहिला महिनाभर दर दोन दिवसांनी ४.०० मध्ये बुडवून बघितला असता. नवा घेणार असाल तर पाण्यात पडला तरी चालेल असा, झाकणाला रबरी रिंग असलेला आणि कांडी वेगळी बदलता येणारा घ्या. आणि तुमच्याकडचा असो वा नवा, त्याला मनगटात अडकवायची दोरी बांधा.

प्रश्न : पॉलिहाउसमध्ये पीएच कंट्रोलर बसवला आहे, तो स्वतःच ॲसिडचा पंप चालवतो. फवारणी करताना कांडीच्या केबलचा जोड भिजला. पाऊस आला की आकडा सहावरून सातकडे सरकतो आणि पंप सुरू होतो. कांडी नवी घेतली तरी तेच.
– एक शेतकरी वाचक, सिन्नर

उत्तर : दादा, पंपाचा प्लग आधी काढा. वर ताईंना लिहिलंय तेच तुमच्याकडे आपोआप होतंय, आणि तुमचा पंप रात्रीही झोपत नाही.

कांडी नवी आणून फरक पडला नाही म्हणजे दोष जोडात, केबलमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये. कंट्रोलरच्या बीएनसी सॉकेटमधून (केबल फिरवून बसवतात ते गोल भोक) कांडी काढा आणि कागदाची पिन वाकवून मधलं भोक आणि बाहेरचं कडं एकमेकांना जोडा. आकडा ७ च्या जवळ स्थिर राहिला तर कंट्रोलरचा शून्य ठीक आहे. मग सॉकेटच्या आतला पांढरा भाग अल्कोहोलने पुसा, वाळवा आणि कांडी थेट कंट्रोलरला लावून, मधली जोड केबल वगळून, ४.०० च्या बफरमध्ये बघा. आता बरोबर आलं तर जोड केबल दोषी. केबलच्या आत पाणी शिरलं असेल तर वाळवत बसू नका, ती जाळीतून ओलावा लांबवर ओढून घेते. बदला. आणि मधे कापून, पिळून, काळी टेप लावून जोडलेली केबल या कामाला कधीच चालत नाही, मग ती लाइटच्या फिटिंगला कितीही छान चालो.

नवीन जोडावर हीट श्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवा. केबल जोडाकडे वरून येऊ देऊ नका. जोडाच्या खाली एक वितभर झोल सोडून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलात गळून पडतं. कंट्रोलरच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

एवढं करूनही टाकीत आकडा नाचत असेल तर टाकीतलं पाणी प्लास्टिकच्या मगात घेऊन त्यात कांडी बुडवा. मगात शांत आणि टाकीत नाचरा असेल तर पाण्यात बुडवलेल्या मोटरमधून वीज झिरपते आहे. मग मीटर विसरा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघा. त्या टाकीत आपण हात घालतो.

प्रश्न : आमचा टीडीएस पेनही पीएच मीटरबरोबर भिजला होता. तो दुसऱ्या दिवशी बरोबर चालायला लागला, पीएच मात्र नाही. असं का? आणि पीएचचा बल्ब महिनाभर कोरडा पडला होता, तो जिवंत होईल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : टीडीएस पेन दोन धातूंच्या टोकांमधून पाण्याची वाहकता मोजतो, तिथे विरोध काही हजार ओहमचा. पट्टीवरच्या ओलाव्याची गळती त्याच्या खिजगणतीत नसते. तरी त्यालाही एकदा धुऊन घ्या, मीठ तांबं खातच राहतं.

बल्बचं म्हणाल तर बऱ्याचदा होतो. काचेवर पांढरा थर असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवा, पाण्याने धुवा, मग एक अख्खी रात्र पोटॅशियम क्लोराइडमध्ये. कापडाने घासू नका, टिश्यू पेपर नुसता टेकवा. सकाळी ६.८६ ला जुळवून ४.०० मध्ये बघा. आकडा येतोय पण स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लावतोय असं असेल तर आणखी एक रात्र द्या. त्यानंतरही तसाच रेंगाळला तर कांडी बदला.